काट्यावरचे वजन आणि पेशींचे वय

मागच्या पंधरवड्यात ७२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ सुनेबरोबर दवाखान्यात आले. "डॉक्टर, दहा वर्षांत वजन किलोभरही वाढलं नाही. रात्रीचं जेवणसुद्धा सोडलं, तरी साखर उतरत नाही," अशी त्यांची तक्रार. सून हळूच म्हणाली, "बाबा हल्ली डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबतात." निदानाच्या दृष्टीने तिचे वाक्य अधिक मोलाचे होते.

वजन तेच राहिले, तरी शरीराची आतली घडण बदलू शकते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडील पुष्कळ माणसे अशी दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त असतात. त्यात वय वाढले की स्नायू झिजतात आणि पोटावर चरबी साचते. काट्याला हा बदल कळत नाही.

पेशीही म्हाताऱ्या होतात. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा विभागल्या की थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले. शरीरातील अशा थकलेल्या पेशी सहजी मरत नाहीत; त्या आसपास मंद दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडत राहतात. पोटाच्या चरबीत त्या साठल्या की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. उलट, सतत चढी राहिलेली साखर पेशींना लवकर थकवते. असे हे दुष्टचक्र आहे.

ते सैल करण्याचा हाताशी असलेला उपाय म्हणजे स्नायू. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. काम करणारा स्नायू तर इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतो. म्हणून उपाशी राहून स्नायू गमावणे, हा साखरेवरचा उपाय नव्हे.

घरी एवढे करून पाहा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर डॉक्टरांना सांगा. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. प्रत्येक जेवणात वरण, उसळ, दही किंवा अंडे असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण आधी विचारून घ्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. पावसाळ्यात घरातल्या घरातही चालेल.

काळजी घेणाऱ्यांनो, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण चुकू देऊ नका. घाम, थरथर, अचानक असंबद्ध बोलणे दिसले, तर 'वयामुळे होतंय' म्हणून सोडू नका. साखर तपासा, ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा.

त्या गृहस्थांचे रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले आहे आणि औषधांची मात्राही तपासून घेतली आहे. पुढच्या भेटीत मी त्यांना वजन विचारणार नाही. पूल चढताना किती वेळा थांबलात, एवढेच विचारणार आहे.