पोरं नॅशनलला निघाली आहेत, एवढं करा

सांगली, कुरुंदवाड, मनमाड ही नावं वेटलिफ्टिंगवाल्यांना वेगळी सांगावी लागत नाहीत. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ मिळवणारे गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी हे तिघंही एकट्या कुरुंदवाडचे. अशा गावांतून यूथ नॅशनलला पोरं निघाली की व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, चौकात फ्लेक्स लागतो आणि जो भेटेल तो एकच सांगतो, ‘मेडल आणायचं बरं का!’ मंडळी, हे जरा आवरा. यूथ गटातली मुलं-मुली १३ ते १७ वर्षांची असतात. त्यांच्यासाठी आपण करण्यासारखं पुष्कळ आहे. किती किलो उचलायचे हे ठरवणं मात्र आपलं काम नाही.

का नाही, ते सांगतो. स्नॅचचे तीन अटेम्प्ट, क्लीन अँड जर्कचे तीन. दोन्हींतली सर्वांत जड यशस्वी लिफ्ट धरून टोटल. मेख अशी की बारवरचं वजन वाढतं, कमी होत नाही. पहिला अटेम्प्ट ७० किलोला लावला आणि हुकला, तर पुढचे दोन्ही ७० चे किंवा त्याहून जडच. एका प्रकारातले तिन्ही गेले की टोटल नाही. संघाचे गुण टोटलच्या क्रमांकावर मिळतात, त्यामुळे आठवी आलेली मुलगीसुद्धा संघाला काही देऊन जाते. टोटल न झालेली मुलगी मात्र रिकाम्या हाती परतते. मीराबाई चानूचं २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हेच झालं. सहापैकी एकच लिफ्ट लागली, क्लीन अँड जर्कचे तिन्ही गेले. तीच मीराबाई पुढे टोकियोत २०२ किलो उचलून रौप्य घेऊन आली.

म्हणून पोरांचे प्रशिक्षक सर पहिला अटेम्प्ट सरावात हमखास जाणारा लावतात. त्याच वेळी गॅलरीतून कुणीतरी काका ओरडतात, ‘सर, ती घरी याच्यापेक्षा जास्त मारते हो!’ मारत असेल. पण पंचांचे दिवे घरी नसतात. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात २४८ उचलले, सुवर्ण २४९ ला गेलं, आणि क्लीन अँड जर्क करताना त्याचं कोपर दुखावलं. एका किलोची किंमत सरांना आणि पोराला आपल्यापेक्षा चांगली कळते.

आता वजन तोडण्याबद्दल, कारण घरच्यांचा हात सगळ्यात जास्त इथंच असतो. त्या-त्या गटाची स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी वजनकाटा लागतो आणि तासभर चालतो. दोनशे ग्रॅम जास्त भरले की पोरगं जर्किनवर जर्किन चढवून जिना चढतं-उतरतं, बाटलीत थुंकत बसतं. काटा निभावतो. पण मग हातात उरतो तास-दीड तास. आटलेलं अंग तेवढ्यात भरून येत नाही आणि क्लीन घेऊन उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. खालच्या गटात मेडल सोपं म्हणून चौदा वर्षांच्या पोराची भाकरी तोडणं मला पटत नाही. या वयात वजन वाढणारच, वाढायलाच हवं. घरच्या काट्यावर जे भरतं ते नावं पक्की होण्याआधी सरांना खरं-खरं सांगा, ते वरच्या गटात घालतील. मुलींच्या आयांना आणखी एक सांगणं: सराव वाढल्यावर पाळी चुकू लागली, तर ‘खेळात असं चालतंच’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं.

पावडरचा डबा कुणी ‘ओळखीतला’ देत असेल तर घेऊ नका. इंजेक्शनचं तर नावच नको. जिमच्या पोरांना चोरून विकलं जाणारं मेफेंटरमाईन हे रक्तदाबाचं औषध आहे, हृदयावर ताण आणतं आणि स्पर्धेत बंदी असलेल्या यादीत आहे. नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे लोक राष्ट्रीय स्पर्धेत नमुने घेतात. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची धरतात, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना ‘ही खेळाडू आहे’ असं सांगूनच घ्या. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे आणि पोटभर भाकरी यांवर यूथ गटातलं पोर उत्तम उभं राहतं.

राहिला पैशाचा विषय. नॅशनल कधी कधी इटानगरइतकी लांब असते. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात वेटिंगचं तिकीट घेऊन दारापाशी बॅगेवर बसून गेलेल्या पोरांकडून कसल्या लिफ्टची अपेक्षा करायची? फ्लेक्सवर आपला फोटो पोरांपेक्षा मोठा छापण्यात आपल्याकडं कुणाला संकोच वाटत नाही, पण त्याच पैशात एक-दोन कन्फर्म बर्थ येतात. कुणाचे लिफ्टिंगचे बूट फाटलेत, कुणाचा बेल्ट उसना आहे, हे सरांना तोंडपाठ असतं. शाळेतल्या बाईंनी चाचणी पुढं ढकलून दिली तरी मोठी मदत होईल. आणि स्पर्धेच्या दिवशी घरून फोन नको. निकाल सर कळवतील.

तूर्त व्यायामशाळेत चक्कर मारून सरांना एवढंच विचारा: तिकिटं किती कन्फर्म झाली आणि किती वेटिंगला आहेत?