मळसूत्र : 'मराठीत शब्दच नव्हता' या दाव्याचे खंडन

१/ "मळसूत्र हा सरकारी समितीने घडवलेला कृत्रिम शब्द, मराठीत स्क्रूला शब्दच नव्हता." हे विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. ते असत्य आहे, आणि ते खोडून काढण्यास एक जुना कोश पुरेसा आहे.

२/ मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तीत 'मळसूत्र' आहे आणि त्याचा अर्थ 'स्क्रू' असाच दिला आहे. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय स्थापन झाले १९६० साली. आपल्या जन्मापूर्वी १०३ वर्षे छापला गेलेला शब्द त्या कार्यालयाने घडवला कसा?

३/ दुसरा शब्द 'पेच'. मूळ फारसी, अर्थ पीळ, वेढा. शिरपेच, पतंगांचा पेच, कुस्तीतले डावपेच ही सारी त्याचीच लेकरे. स्क्रू पिळणारे हत्यार ते पेचकस. फारसी म्हणून त्याला परका ठरवणाऱ्याने आधी शिरपेच उतरवून ठेवावा.

४/ तिसरा शब्द सर्वांत जिवंत : 'आटे'. बोल्टच्या अंगावर गोल फिरत जाणारी कड म्हणजे आटा. आटे पाडतात, आटे झिजतात, काही आटे उलटे असतात. नागपूरलगतच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टर बनतात. तिथे शेजारच्या हिंदीतली 'चूडी'ही कानी पडते. दोन्ही शब्द नेमके आहेत.

५/ हा नेमकेपणा शोभेचा नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात आट्यांचे प्रमाण सुचवले. कोन ५५ अंश. तोवर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच याची खात्री नसे. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. हा सारा इतिहास कामगार तीन शब्दांत सांगतो : आटे जुळत नाहीत.

६/ आक्षेप येईल : "कारखान्यात मळसूत्र कोण म्हणतो?" बहुधा कोणीच नाही. स्क्रू, नट, बोल्ट आता मराठीच आहेत. त्यांना हाकलण्याचे कारण नाही. परंतु 'शब्द मागे पडला' हा इतिहास आहे आणि 'शब्द नव्हता' हे अज्ञान. दोहोंची गल्लत करणाऱ्याने कोश उघडलेला नाही.

७/ या गल्लतीची किंमत आयटीआयमधला विद्यार्थी मोजतो. आटे पाडणे त्याला हाताने येते, शब्दानेही येते. तरी 'मराठीत यंत्रविद्या नाही' असे ऐकून तो स्वतःच्याच ज्ञानाला अडाणीपणा समजू लागतो. भाषा दरिद्री नव्हती. तिची झडती न घेताच तिला दरिद्री ठरवले गेले.