नेरूरच्या ताम्रपटातली राणी



मालवणहून कुडाळला जाताना कर्ली नदी ओलांडली की नेरूर लागते. या गावात चालुक्य राजांचे ताम्रपट सापडले. त्यातला एक राणी विजयभट्टारिकेचा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्यालाही तिचा आणखी एक ताम्रपट मिळाला. आपल्या आचऱ्याला 'इनाम' हा शब्द नवा नाही. देव रामेश्वराचे संस्थानच इनामदार आहे. हे ताम्रपट म्हणजेही जमीन दान दिल्याचे पक्के कागद. कागद वाळवी खाते, म्हणून ते तांब्यावर कोरलेले.

ही राणी मोठ्या घरची सून. बदामीचा दुसरा पुलकेशी तिचा सासरा. उत्तरेच्या हर्षवर्धनाला त्याने नर्मदेवर अडवले होते. पण इ.स. ६४२ च्या सुमारास कांचीच्या पल्लवांनी बदामी घेतली आणि हे घर विस्कटले. पुढे बारा-तेरा वर्षांनी विक्रमादित्य या मुलाने राज्य पुन्हा उभे केले. त्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य, आणि विजयभट्टारिका ही चंद्रादित्याची राणी. नेरूरचा ताम्रपट इ.स. ६५९ चा असल्याचे अभ्यासक मानतात. त्या वेळी या भागाचा कारभार तीच पाहत असावी, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

संस्कृत कवयित्री विज्जिका ती हीच, असेही काहीजण मानतात. विज्जिकेच्या नावावर सांगितला जाणारा एक श्लोक साळ कांडणाऱ्या बायकांच्या गाण्यावर आहे. मुसळ हातात घेतलेल्या आपल्या आया-आज्यांना तो समजावून सांगावा लागला नसता.

आता मुद्द्याचे बोलतो. साडेतेराशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात जमिनीच्या व्यवहारावर एका बाईचे नाव कोरले गेले. आज तरवा काढण्यापासून लावणी, कापणीपर्यंत निम्म्याहून अधिक काम घरची बाई करते. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव क्वचितच दिसते. पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई हे सारे कागदावरच्या नावाने मिळते. घरधनी अचानक गेला, तर वारसनोंदीसाठी हेलपाटे तिलाच घालावे लागतात.

यासाठी १९९२ साली महाराष्ट्र शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेची सोय केली. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला, तर तो हयात असतानाच बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. मुलींचेही विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला.

आपल्याकडचे सातबारे सामाईक, नावांची रांग लांब, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी तलाठ्याकडून ताजा उतारा काढा. मेलेल्यांची नावे किती आणि जिवंतांची किती, ते घरात सर्वांसमोर वाचा. मग अर्ज कसा करायचा ते विचारून या. दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते, तेव्हा तबकात साडीबरोबर हा अर्जही ठेवा.