आधी गोष्ट, मग अक्षर

मूल चार वर्षांचे झाले, की कित्येक पालक त्यास पाटी देऊन अक्षरे गिरवावयास बसवितात. गोष्टी आणि खेळ म्हणजे त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. ही समजूत बरोबर नाही. जो शब्द कानांच्या ओळखीचा नाही, तो डोळ्यांनी वाचला तरी मुकाच राहतो.

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. जी मुले शाळेत येत नसत, त्यांच्या अंगणातच बालवाडी भरू लागली. शंख, शिंपले, बिया, पाने हीच तेथील साधने. ती निवडता-मांडताना मुलांच्या डोळ्यांस आकारांतील भेद कळू लागे, बोटांस वळण लागे.

सोलापुरात तर याची गरज अधिकच आहे. येथील विणकरांच्या व विडी कामगारांच्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. तेथील मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्यास अक्षरही नवे आणि शब्दही नवा. परंतु 'कोल्हा' हा शब्द त्याने गोष्टीत दहादा ऐकला, खेळात स्वतः कोल्हा होऊन पाहिले, म्हणजे फळ्यावरचा 'को' त्यास परका वाटत नाही.

यासाठी फार खर्च लागत नाही. मूठभर चिंचोके आणि घरातील एक मोठे भावंड पुरे. त्याने धाकट्यास रोज एक गोष्ट सांगावी व चिंचोक्यांनी एक अक्षर मांडून दाखवावे. पाटी मागाहून येईल; आणि येईल तेव्हा मूल तिला भिणार नाही.