आचार्यांचा फोन आणि आचाऱ्यांचा फोन

अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, हा वाद आता महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही स्थिरावला आहे आणि मराठीचे विभाग त्यातून सुटलेले नाहीत. वाद कॅमेऱ्यापासून सुरू होतो, बॅटरीवर येतो आणि शेवटी, कोणी उघड बोलो वा न बोलो, प्रतिष्ठेवर येऊन थांबतो. या वादात भाषा हा मुद्दा निघालेला मात्र आमच्या ऐकिवात नाही. भाषेच्या अध्यापनावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांच्याच वादात भाषा नसावी, याला काय म्हणावे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच, की मराठीच्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने या दोन व्यवस्थांची तुलना मराठीच्या कसोटीवर करावी. तशी ती केली तर निकाल प्रतिष्ठेच्या बाजूने लागत नाही.

प्रतिष्ठेचा मुद्दा मुळात उसना आहे. अमेरिकेत आयफोनवरून आयफोनवर गेलेला संदेश निळ्या चौकटीत दिसतो, इतर फोनांशी झालेली देवघेव हिरव्या चौकटीत, आणि तिथली शाळकरी मुले म्हणे त्यावरून एकमेकांची पायरी ठरवतात. आपल्याकडे संदेशांचा सारा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. तिथे समोरच्याचा फोन कोणता हे कळतही नाही. भारतातल्या दहांपैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. म्हणजे ज्या भेदाला इथे व्यवहारात काही अर्थ नाही, तो आपण केवळ मिरवण्यासाठी आयात केला. साहित्याच्या वर्गात 'उसने अनुभव' या दोषावर बोट ठेवणाऱ्यांनी आपल्या खिशातल्या उसन्या अभिमानाकडेही जरा पाहावे.

लिपी आणि यंत्र यांच्या नात्याचा विचार रत्नागिरीला नवा नाही. १८५६ साली याच गावी जन्मलेल्या टिळकांनी देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा विचार केला होता, कारण जोडाक्षरे, वेलांट्या, उकार, रफार धरून जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांची कप्पेबंद पेटी मांडावी लागे. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर इथे स्थानबद्ध असताना त्यांनी लिपिशुद्धीचा प्रश्न हाती घेतला. 'अ'ची बाराखडी हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यांची राजकीय मते बाजूला ठेवली तरी या खटपटींमागची अडचण खरी होती. यंत्र ताठर होते, म्हणून लिपीने वाकावे असे म्हणणे भाग पडत होते. खिळ्यांच्या छपाईला आणि टंकयंत्राच्या मोजक्या कळांना दुसरा उपाय नव्हता.

आज तो उपाय आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि जोडाक्षर कसे दिसावे हे टंक ठरवतो, तिथे खिळ्यांची टंचाई उरलेली नाही. म्हणून कसोटीही उलटी झाली पाहिजे. लिपीने यंत्रासाठी किती वाकावे हा प्रश्न संपला असून यंत्र लिपीसाठी किती वाकते हा प्रश्न उभा राहिला आहे. दुकानात फोन हाती घेतल्यावर कॅमेरा उघडण्याआधी एक शब्द लिहून पाहावा : 'आचाऱ्यांना'. मग त्याखाली 'आचार्यांना' लिहावे. पहिला शब्द स्वयंपाक्यांचा, दुसरा विद्वानांचा. दोहोंतला भेद त्या अर्धचंद्रासारख्या 'ऱ'वर उभा आहे. हिंदीसाठी रचलेल्या कळफलकावर हा 'ऱ' दडवलेला असतो, कारण हिंदीला त्याची गरज नाही. तो ज्याला सापडत नाही तो आचाऱ्यांना आचार्य करून मोकळा होतो. हा शुद्धलेखनाचा हट्ट नव्हे, शब्दाच्या अर्थाचा प्रश्न आहे.

दुसरी कसोटी शोधाची. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत. त्याआधी, आणि अनेक जण आजही, 'अ'वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला मात्र निराळी. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर बरेचदा सापडत नाही. ॲपल हे नाव मराठीत लिहायचे तर आरंभीच हा स्वर लागतो! तीनशे पानांच्या प्रबंधात एखादी संज्ञा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला याचा त्रास काय असतो, ते त्याच्या मार्गदर्शकाला ठाऊक असायला हवे.

तिसरी कसोटी वळणाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणीकृत वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' यांचा आग्रह धरला. एकाच टंकात हिंदी वळण आणि मराठी वळण दोन्ही ठेवून भाषेनुसार योग्य ते दाखवण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. पण मजकूर मराठी आहे हे यंत्राला कळले तर ना! फोनची भाषा इंग्रजी, कळफलक हिंदीचा आणि लिहायचे मराठी, अशा तीन घरच्या पाहुण्यांत यंत्राने ओळखायचे तरी कोणाला?

आता दोन्ही व्यवस्थांचा हिशेब मांडू. अँड्रॉइडचा आरंभ लाजिरवाणा होता. २०१०च्या सुमारास बाजारात असलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पण ही उणीव नंतर भरून निघाली आणि २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. २०१५ साली बोटाने गिरवलेले अक्षर ओळखणारे साधन आले, २०१७ साली बोलून मराठी लिहिण्याची सोय आली. ज्याचा कळफलकावर हात बसलेला नाही तो आचारीही आता दिवसाचा बाजार मराठीत लिहून पाठवू शकतो. आयफोनने मात्र बाहेरचे कळफलक बसवायला परवानगी दिली तीच २०१४ साली. छायाचित्रातला मजकूर वाचण्याची सोय २०२१ साली त्यावर आली तेव्हा तिच्या भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. आणि संपूर्ण फोन मराठीत चालवण्याची सोय आयफोनवर आली २०२५च्या मार्चअखेर. दोहोंत दहा वर्षांहून अधिक अंतर पडले. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला मराठीसाठी दहाहून अधिक वर्षे जास्त लागली, ती तंत्र अवघड होते म्हणून खचित नव्हे.

याचा अर्थ आयफोनमध्ये काही नाही असा नव्हे, आणि तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याला वर्षानुवर्षे नवी आवृत्ती मिळत राहते. स्वस्त अँड्रॉइड फोन बरेचदा दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जातात. काही महागड्या अँड्रॉइड फोनांना २०२३ आणि २०२४पासून सात वर्षांची हमी मिळू लागली खरी, पण ते विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नव्हेत. खासगीपणाच्या बाबतीतही आयफोनची बाजू वरचढ आहे. एका कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आणि दुसरीचे यंत्रविक्रीचे, हा फरक वापरणाऱ्याच्या विद्याला भोवतो. २०२१पासून आयफोनवर कोणत्याही ॲपला आपला माग काढण्याआधी विचारावे लागते. स्वस्त अँड्रॉइड फोनांत कंपनीने आधीच भरून दिलेली नको ती ॲप्स आणि जाहिराती यांचा जाच होतो, तोही कबूल केला पाहिजे.

पण शिक्षकाने विचार करायचा तो वर्गाचा. २०२५ साली भारतात आलेल्या आयफोन १६ई या त्यातल्या त्यात स्वस्त नमुन्याची किंमत ५९,९०० रुपये होती. तेवढ्यात पाच-सहा विद्यार्थ्यांचे साधे अँड्रॉइड फोन येतात. राजापूर, लांजा, संगमेश्वरकडून एसटीने येणाऱ्या मुलामुलींकडे संगणक बहुधा नसतो. फोन हाच त्यांचा संगणक, तेच ग्रंथालय आणि तीच वही. त्या फोनवर मोल्सवर्थचा कोश उघडतो, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडतो, मराठी विश्वकोश उघडतो. आमच्या विद्यार्थिदशेत ज्या कोशांसाठी ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटाची किल्ली मागावी लागे, ते आज एसटीच्या खिडकीशी बसून चाळता येतात. ही अलीकडची मोठी वाङ्मयीन घटना आहे, आणि ती घडली आचाऱ्यांच्या फोनवर.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. फोनमधल्या सूचना इंग्रजीत असल्या म्हणून काय बिघडते, त्या सर्वांना कळतात! कळतात हे खरे, पण प्रश्न कळण्यापुरता नाही. जी भाषा यंत्रावर वापरली जात नाही, तिच्यातल्या चुकाही कोणी दाखवत नाही, आणि जिच्यातल्या चुका कोणी दाखवत नाही ती सुधारतही नाही. फोनमधल्या मराठी सूचना कुठेकुठे ओढूनताणून केलेल्या वाटतात. मग त्या वाचून नाक मुरडणाऱ्यांपैकी किती जणांनी दुरुस्ती कळवली? परिभाषेवर चर्चासत्रे भरवणाऱ्यांच्या हाताशी रोज वापरली जाणारी परिभाषा आहे. तिच्याकडे पाहायला मात्र त्यांना सवड नाही. कंपन्या मोजतात ती वापरणाऱ्यांची संख्या. मराठीचा प्राध्यापक फोन इंग्रजीत चालवतो तेव्हा तो मराठीच्या विरुद्ध मत नोंदवत असतो, त्याला ते जाणवो वा न जाणवो.

आणि अखेर दोष कंपन्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी फोनांवर फिरलेल्या अभिनंदनाच्या संदेशांत रोमी लिपीतले संदेश काही थोडे नव्हते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेल्या प्रश्नपत्रिका, टिपणे आणि लेख आजही विभागांतून पाठवले जातात. ते साठ हजारांच्या फोनवर जसे निरर्थक चिन्हांचे कडबोळे दिसतात तसेच आठ हजारांच्या फोनवरही. इथे दोन्ही व्यवस्था सारख्याच हतबल आहेत, कारण अडचण लिहिणाऱ्याने निर्माण केली आहे. टिळकांच्या काळी यंत्र लिपीला अडवत होते. आज यंत्र बहुतांशी वाट देते आणि अडवतो तो मराठीचा पदव्युत्तर पदवीधर!

तेव्हा ज्याला आयफोन परवडतो त्याने तो जरूर घ्यावा. टिकाऊपणा आणि खासगीपणा या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण त्यावर मराठीचा कळफलक बसवावा, फोनची भाषा मराठी करावी, विद्यार्थ्यांना जे पाठवायचे ते युनिकोडमध्ये आणि त्यांच्या साध्या फोनवर उघडेल असेच पाठवावे. ज्याच्याकडे अँड्रॉइड आहे त्याने न्यूनगंड टाकून हेच करावे. मराठीच्या दृष्टीने दहाहून अधिक वर्षे पुढे असलेले साधन त्याच्या हाती आहे. आणि यातले काहीच करायचे नसेल, तर निदान स्टाफरूममधल्या त्या वादात मराठीच्या वतीने बोलण्याचा अधिकार तरी सांगू नये. आपल्या भाषेतला 'ऱ' आपल्या फोनवर कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या फोनची किंमत कितीही असली तरी त्याच्या लेखी आचारी आणि आचार्य सारखेच.