कामाची नोंद पहिल्या वर्षापासून

फेब्रुवारी उजाडला की आपल्या महाविद्यालयांतल्या प्लेसमेंट कक्षांपुढे गर्दी होते. नागपूरची एखादी कंपनी किंवा बँक मुलाखतींना येणार असते आणि तृतीय वर्षाची मुले सायबर कॅफेतून काढलेला दोन पानी रेझ्युमे घेऊन उभी असतात. मुलगा गोंदियाचा असो, आमगावचा असो की देवरीचा, कागद सारखाच. वर ध्येय म्हणून कोणाचे तरी उतरवलेले इंग्रजी वाक्य, खाली दहावी-बारावीची टक्केवारी, एमएस-सीआयटी, छंदांत क्रिकेट आणि संगीत. मग आपण एक दिवसाची कार्यशाळा घेतो, मांडणी सुधारतो, स्पेलिंग दुरुस्त करतो. मजकूर तोच राहतो, कारण तेव्हा त्यात घालायला हाताशी काही नसते.

या मुलांनी तीन वर्षांत काही केलेलेच नसते, असे समजणे मात्र अन्यायाचे आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातला विद्यार्थी कामाला नवखा नाही. जुलैत वर्ग ओस पडतात ते रोवणीमुळे, हे हजेरीपट घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शासकीय खरेदीत धान विकायचे तर सातबारावर पिकाची नोंद हवी. २०२१ पासून ती ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर होते, आणि गावोगावी वडील-काकांच्या मोबाइलवर ती भरून देणारी हीच कॉलेजातली मुले-मुली असतात. या कामाचा मागमूस रेझ्युमेत नसतो. त्यांना ते काम वाटत नाही, आणि आपणही त्याबद्दल कधी विचारत नाही.

राईस मिलचेच पाहा. वाणिज्य शाखेची कितीतरी मुले दिवाळीनंतर मिलमध्ये अर्धवेळ जातात. शासकीय खरेदीच्या धानात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. त्याची भरडाई करणाऱ्या मिलला एका क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. या दोन आकड्यांभोवती तिथले रोजचे काम फिरते: काट्यावरचे वजन, ओलावा मोजणे, बारदान्याचा हिशेब, आवक आणि जावक यांचा मेळ. हे सगळे दोन हंगाम सांभाळलेला मुलगा रेझ्युमेत लिहितो काय, तर ‘मेहनती आणि वक्तशीर’. त्याऐवजी ‘दोन खरीप हंगाम धानाची आवक व ओलावा यांची नोंद ठेवली, भरडाईच्या प्रमाणाशी तांदळाचा ताळमेळ घातला’ एवढे एक वाक्य असते, तर गोदाम, बँकेचे कृषी कर्ज किंवा लेखा विभाग यांपैकी कोणीही पुढचा प्रश्न विचारला असता. तो पुढचा प्रश्न निघावा, यासाठीच तर रेझ्युमे असतो.

देवरीकडच्या ज्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, तिथे तेंदूपत्त्याचा व्यवहार गावच पाहते. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी, प्रत्येक कुटुंबाची रोजची मजुरी. हा हिशेब लिहायला गावाला शिकलेली पोरे लागतात. मे महिन्यात परीक्षा आटोपून तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर बसणाऱ्या मुलीने जे केले, त्याला कोणत्याही कार्यालयात लेखाकामच म्हणतील. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सारस गणना आहे. राज्यात हा पक्षी आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. वन विभाग आणि ‘सेवा’ संस्था यांच्या गणनेत पहाटे ठरलेल्या जागी बसून नोंद करणारे स्वयंसेवक लागतात. ज्याने ते केले त्याला क्षेत्रकार्य म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता आपल्या वाट्याची गोष्ट. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतो, वर सात दिवसांचे निवासी शिबिर. शेवटी आपण त्याला प्रमाणपत्र देतो ते छापील, नाव तेवढे भरलेले. त्याने मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढला, की आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी फिरला, याचा त्यात उल्लेख नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आणले. चार श्रेयांक म्हणजे १२० तास, प्रत्यक्ष कामाच्या जागी. त्यातही ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून तास भरल्याचे दाखवण्याची वाट रुळू लागली आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ती माहीत आहे. असा शिक्का मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. तिथे मान खाली घालायची वेळ येते ती मुलावर. सही मात्र आपली असते.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. प्रवेशाच्या महिन्यातच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक कामवही द्यावी. महाविद्यालयात, शेतात, मिलमध्ये, ग्रामसभेत जे काम झाले ते तारखेसह, तासांसह, कोणाच्या देखरेखीखाली झाले त्यासह त्याने लिहावे. मार्गदर्शक प्राध्यापकाने महिन्यातून एकदा ती वाचावी, दोन प्रश्न विचारावेत आणि मगच सही करावी. भाषेचा रकानाही त्यात हवा. सालेकशाची मुलगी मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी सहज बोलते. घरी गोंडी किंवा पोवारी बोलणारी मुले तर प्रत्येक वर्गात आहेत. सीमेवरच्या जिल्ह्यात काम करणाऱ्या रुग्णालयाला, बँकेला आणि सूक्ष्म वित्त संस्थेला ही माणसे हवी असतात. तरी मुले ‘भाषा’ या शब्दापुढे इंग्रजी आधी लिहून ओशाळतात.

एक धोकाही सांगायला हवा. वही आली की फुगवणे येईल. आठ दिवस मिलमध्ये बसलेला स्वतःला व्यवस्थापक म्हणवील. तिथे आपण कठोर राहावे; खोडून खरे लिहायला लावावे. आणि जिथे मुलगी घरच्या बंधनामुळे किंवा एसटीच्या वेळेमुळे बाहेर जाऊच शकत नाही, तिथे ग्रंथालय, प्रयोगशाळा, कमवा व शिका यांतले काम तिला आधी मिळावे, आणि त्याची नोंद तितक्याच गांभीर्याने व्हावी.

ज्या विभागांनी यंदा प्रथम वर्षापासून कामवही सुरू केली असेल किंवा करणार असतील, त्यांनी दिवाळीपूर्वी विद्यार्थ्यांच्या नोंदींतली निवडक पाने, नावे झाकून, आमच्याकडे पाठवावीत. वाणिज्य, कला आणि विज्ञान या तिन्ही शाखांची पाने आली, तर त्यांवरून ओजेटीच्या प्रमाणपत्राचा एक सामाईक मसुदा तयार करता येईल. पुढच्या सत्रात तो महाविद्यालयांसमोर ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.