बाजार बंद, घर चालू



२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा ही शहरवाल्यांची कटकट आहे, आपल्या शिवाराला तिचे काय, असे म्हणणारे खेड्यात पुष्कळ होते. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले होते खरे, पण गावात अजून कोणाला साधा खोकलाही नव्हता. चारसहा दिवसांतच कळून चुकले की, रोगाच्या आधी त्याची झळ गावात पोचली आहे. ती आली गुलटेकडीच्या मार्केट यार्डाच्या वाटेने. हॉटेले बंद, मंगल कार्यालये बंद, मिठाईची दुकाने बंद. एप्रिलमध्ये तर खुद्द यार्डही काही आठवडे बंद राहिला. हवेली, पुरंदर, मुळशी, मावळ या भागांतली किती घरे त्या एका दारावर विसंबून आहेत, हे ते दार लागल्यावर समजले.

हे आज पुन्हा कशाला उगाळायचे, असे कोणी म्हणेल. पण २०२२ मध्ये गाईबैलांवर लंपीची साथ आली आणि राज्यातले जनावरांचे बाजार पुन्हा बंद झाले. म्हणजे बाजार बंद पडणे ही जन्मात एकदाच घडणारी गोष्ट नव्हे. नोकरीनिमित्ताने ज्या गावांत जाणे होते, तिथे अजूनही एखादी माउली विचारते, "साहेब, पुन्हा तसं झालं तर घर कसं चालवायचं?" आजचे लिहिणे तिच्यासाठी आहे.

पुण्याने याआधीही साथ पाहिली आहे. १८९७ चा प्लेग आपल्या पणजोबांच्या पिढीने भोगला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ रोग्यांची सेवा केली आणि त्याच प्लेगने सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या वर्षी इंग्रज सरकारने केलेला साथरोगांचा कायदाच मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू करावा लागला. प्लेगच्या काळात घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. त्यांचे हाल काही कमी नव्हते. पण ज्याच्या घरी शेती होती त्याच्या कणगीत जोंधळा होता, आणि निदान काही महिने तरी बाजाराशी त्याचे फारसे अडत नव्हते.

आपले तसे नाही. आज आपण सकाळी दूध विकतो आणि संध्याकाळी दुकानातून तेल, डाळ, कधी कधी भाजीसुद्धा आणतो. दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला की बचत गटाचा हप्ता जातो. बाजार बंद झाला की येणारा पैसा त्याच दिवशी थांबतो, जाणारा मात्र थांबत नाही. घरातल्या सगळ्या काळज्यांचे मूळ इथे आहे. म्हणून पहिले काम हे की, कोणती गोष्ट आज नासणार, कोणती आठ दिवस दम धरील आणि कोणती महिनाभर ठेवता येईल, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. एकट्या घरधन्याने रात्री माळवदाकडे बघत ठरवू नये.

आज नासणारी वस्तू म्हणजे दूध. गाईला टाळेबंदी कळत नाही. दोन्ही वेळा धार काढावीच लागते. नाही काढली तर कासदाह होतो आणि दुधाबरोबर गाईचाही तोटा पदरी पडतो. २०२० मध्ये सरकारने शिल्लक राहणारे दूध, रोज दहा लाख लिटरपर्यंत, घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आणली. तिचा आधार झाला, पण प्रत्येकाच्या किटलीपर्यंत तो पोचेलच असे नसते. दूध परत आले तर घरी काय करावे? खवा करू नये, असे माझे मत आहे. पाच लिटरला साधारण एक किलो खवा पडतो, सरपण जाते आणि मिठाईवालाच बंद असला की तो खवा आपल्याच गळ्यात. त्यापेक्षा तूप करावे. चार टक्के स्निग्धांशाचे गाईचे दूध असेल तर पंचवीस लिटरांमागे किलोभराच्या आसपास तूप निघते. भाव मनासारखा आला नाही तरी ते डब्यात महिनोन्महिने टिकते. ताक घरातली पोरे पितात, वासरांच्याही कामी येते.

पैसे वाचवायचे म्हणून पुष्कळांनी त्या वेळी सरसकट पेंड तोडली. हे फार महाग पडते. ताजी व्यालेली गाय एकदा घटली की त्या वेतात पुन्हा पूर्वीच्या दुधावर येत नाही. काटकसर करायचीच तर जी गाय सात महिन्यांची गाभण आहे तिला आटवावे. नाहीतरी विण्याआधी दोन महिने तिला विसावा द्यायचाच असतो. सुका चारा कोणाला किती, हे घरातल्या बाईला विचारावे. गोठ्याचा हिशेब बहुधा तिच्याच डोक्यात असतो.

फुलांचे दुःख निराळे. मावळातल्या हरितगृहांतली गुलाब-जरबेराची फुले लग्नसराईच्या ऐन भरात कोणी विचारीना. विकली जात नाहीत म्हणून जरबेऱ्याची फुले झाडावरच ठेवणे चूक. ती काढलीच पाहिजेत, नाहीतर झाडाची ताकद त्यांत जाते आणि रोगही वाढतो. रोज मजुरी देऊन फुले तोडायची आणि खताच्या खड्ड्यात टाकायची, याला छातीच लागते. ज्यांनी ते केले त्यांची झाडे वाचली. त्यातही ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने कित्येकांच्या हरितगृहांचे कागद फाडून नेले, ती गोष्ट वेगळी.

द्राक्षवाल्यांनी मात्र शहाणपणा केला. सांगली-नाशिककडे पुष्कळांनी माल शेडवर वाळत घातला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पण तो थांबू शकतो. प्रत्येक पिकाची अशी सोय नसते, हे खरे. मेथी महिन्याभरात काढणीला येते आणि काढली की दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. तेव्हा सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये, आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावा, हे आम्ही एरवीही सांगतो. बाजार बंद असता त्याची किंमत जास्त कळते.

पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारी भाजी पोचविणारे गट त्या काळात उभे राहिले. कृषी खाते आणि पणन मंडळ यांनीही हात दिला. काही गट टिकले, पुष्कळ मोडले. मोडले ते बहुतेक हिशेबावरून. एकाने भाजी द्यायची, दुसऱ्याने टेम्पो चालवायचा, तिसऱ्याच्या फोनवर पैसे यायचे, आणि वहीत कोणीच लिहायचे नाही. असा गट करायचा तर पैसे एकाच खात्यात यावेत, भाव माल निघण्याआधी ठरावा आणि रोज रात्री वही वाचून दाखवावी. शहरातल्या बाईला दहा किलो वांगी नको असतात. तिला पावशेर मिरची, जुडी कोथिंबीर, किलो टोमॅटो, अर्धा किलो वांगी असे एकत्र हवे असते. म्हणून एकाच पिकाच्या शेतकऱ्यांपेक्षा चार पिकांच्या शेजाऱ्यांचा गट बरा.

आता पैशाविषयी. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा आधी तीन महिने, मग आणखी तीन महिने दिली. हप्ता माफ झाला, असा पुष्कळांचा समज झाला. हप्ता पुढे गेला होता, व्याज चालूच होते. लाखाच्या कर्जावर बारा टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज सहा हजार होते, ते कोठे जात नाही. सवलत घेऊ नये असे नाही, घरात दाणा नसेल तर जरूर घ्यावी. पण बँकेत जाऊन "यावर व्याज किती चढेल?" एवढे विचारून, कागदावर लिहून घ्यावे. त्याच वर्षी एप्रिल ते जून महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले, तेव्हा कित्येक घरांत पासबुक कोणत्या डब्यात आहे, याचाच शोध चालू होता. पासबुके, रेशनकार्ड, सातबारा, विम्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवून ती कोठे आहे हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे.

आणि खुद्द घर? पुण्यात कंपनीत असलेला मुलगा, सून, नातवंडे त्या उन्हाळ्यात गावी आली. आनंद झाला, पण चार माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला दहा माणसांच्या थापाव्या लागल्या, पाणीही तितकेच जास्त वाहावे लागले. पुरुष घरी बसले की चहाही वाढतो. घरात कुरबुरी होतात त्या बहुधा इथून. सासूबाईंनी आणि मामंजींनी पहिल्या दिवशीच कामे वाटून द्यावीत. शहरातून आलेल्या मुलाला दुपारी आडवे पडू द्यावे, पण सकाळी गोठ्यात न्यावे. नोकरी गेलेल्या माणसाला रोज "पुढे काय?" असे विचारण्यापेक्षा हाताला काम देणे चांगले.

शाळा बंद आणि शिक्षण फोनवर, असे झाले तेव्हा घरातला एकुलता फोन मुलाकडे गेला आणि मुलगी भांड्यांकडे. पुढे काही ठिकाणी "थोडक्यात उरकतंय" म्हणून कोवळ्या पोरींची लग्नेही लावून दिली गेली. पन्नास माणसांत लग्न स्वस्त पडते म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचे उरकणे हा व्यवहार नव्हे, गुन्हा आहे. असे कोठे ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. फोनची वेळ वाटून द्यावी, मुलीला आधी द्यावी.

शेवटी घरधन्याविषयी बोलतो. आपला माणूस काळजीत आहे हे तो सांगत नाही. तो बांधावर बसून राहतो, ताटावरून अर्धवट उठतो, रात्री अंगणात येरझाऱ्या घालतो, किंवा एकाएकी देण्याघेण्याची निरवानिरव करू लागतो. अशा वेळी "अहो, आधी दोन घास खा, मग वही घेऊन बसू" एवढे म्हणावे आणि खरोखरच वही घेऊन बसावे. किती देणे आहे तो आकडा दोघांनी बघितला की बरेचदा मनातल्यापेक्षा लहान निघतो. मोठा निघाला, तरी तो दोघांचा होतो. तरीही त्याचे मन उभारी धरत नसेल, तर गावातल्या आशाताईला सांगावे किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही कोणीतरी असते. बाईमाणसाच्या काळजीलाही हाच क्रमांक आहे. तीही बोलत नाही, कामात बुडवून टाकते एवढेच.

फवारणीची औषधे मात्र आजच बघा. ती माजघरात, खाटेखाली किंवा धान्याच्या कोठीजवळ नकोत. गोठ्याच्या खोलीत कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली कारभारणीकडे द्या. तीच खचलेली वाटत असेल तर थोरल्या मुलाकडे द्या. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच औषध मोजून काढून घ्या, आणि रिकामी बाटली पाण्यासाठी, तेलासाठी पुन्हा वापरू नका.